परता, पेरा, वैरा, दडपा : स्वयंपाकातल्या क्रियापदांविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांमध्ये पदार्थांपेक्षा शब्दांचीच चौकशी जास्त आहे. पाककृतीत साहित्य ग्रॅमपर्यंत मोजून दिलेलं असतं आणि कृती मात्र 'परतून घ्या, एक वाफ आणा' एवढ्यात आटोपलेली असते. लिहिणाऱ्याला त्या दोन शब्दांत सगळं सांगून झालंय असं वाटतं. ज्याच्या घरात हे शब्द रोज कानावर पडत नाहीत त्याला मात्र आच किती, झाकण ठेवायचं की नाही, पाणी घालायचं का, यातलं काहीच कळत नाही. निवडक प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : 'कांदा परता', 'वाटण तेल सुटेपर्यंत परता', 'भेंडी परतून घ्या', 'रवा परतून घ्या' असं चारही ठिकाणी एकच क्रियापद असतं. मी चारही ठिकाणी सारखंच करते. कांदा करपतो आणि भेंडीला तार सुटते. परतणे म्हणजे नेमकं काय? (नाशिक)

परतणे म्हणजे तळाशी गेलेलं वर आणणं, खालची बाजू पालटणं. शब्दात एवढंच आहे. पण स्वयंपाकघरात तो वापरताना दोन गोष्टी न बोलता गृहीत धरलेल्या असतात : भांडं उघडं आणि पाणी नाही. झाकण ठेवलंत की ते 'वाफवणं' झालं, पाणी घातलंत की 'शिजवणं'. बाकी आच किती आणि उलथनं किती वेळा फिरवायचं हे कढईत काय आहे त्यावर ठरतं.

कांद्यात जवळजवळ नऊ दशांश पाणी असतं. ते उडून जाईपर्यंत कांद्याचं तापमान शंभर अंशांच्या आसपासच राहतं, म्हणून तो आधी काचेसारखा होतो, मग मऊ पडतो आणि पाणी सरल्यावरच रंग धरतो. पाव किलो कांदा, २ टेबलस्पून तेल, जाड बुडाची कढई आणि मध्यम आच धरली तर ३-४ मिनिटांत पारदर्शक, ७-८ मिनिटांत 'गुलाबी', १२ ते १५ मिनिटांत बदामी. (कांदा गुलाबी कधीच होत नाही. पारदर्शक झालेल्या कांद्याच्या कडेला सोनेरी झाक आली की त्याला गुलाबी म्हणायची आपली रीत आहे.) बदामी ते करपलेला हे अंतर मात्र मिनिट-दीड मिनिटाचं, कारण आता तापमान धरून ठेवायला पाणीच उरलेलं नसतं. तुमचा कांदा करपतो तो बहुधा दोन कारणांनी : घाईने आच मोठी केल्यामुळे कडा जळतात आणि आतून कच्चा राहतो, किंवा काही काप जाड, काही कागदासारखे. चिमूटभर मीठ घातलं तर कांद्याचं पाणी लवकर सुटून तो लवकर मऊ पडतो. भाजीच्या बुडाला हे चालतं. बिर्याणीवर पसरायचा कुरकुरीत कांदा करताना मीठ आधी घालू नये, त्याला सुटलेलं पाणी नको असतं.

वाटणाचं परतणं कानाने ओळखायचं. कांदा-खोबरं-लसणाचं वाटण तेलात घातलं की आधी फटफट आवाज येतो आणि तेल दिसेनासं होतं, कारण ते ओल्या वाटणात मिसळून जातं. पाणी उडत जाईल तसा आवाज बसतो, बारीक चरचर उरते, वाटण गोळा होऊन उलथन्याबरोबर फिरायला लागतं आणि कडेने तेल झिरपतं. 'तेल सुटणं' ते हेच. मध्येच तळाला धरायला लागलं तर वरून तेल ओतू नका. चमचाभर गरम पाणी शिंपडा आणि तळ खरवडून घ्या, चिकटलेला भाग सुटतो आणि चवही वाया जात नाही. तेल सुटण्याआधी रस्शाचं पाणी ओतलं तर पुढे कितीही उकळा, लसूण आणि कांद्याचा कच्चा वास जात नाही.

भेंडीची गोष्ट उलटी आहे. तिची तार पाण्यात विरघळून सुटते. म्हणून भेंडी आख्खी धुवायची, फडक्याने कोरडी पुसायची आणि मग चिरायची, चिरल्यावर धुवायची नाही. पसरट कढई घ्या, पाव किलो भेंडीला २ टेबलस्पून तेल, आणि काप शक्यतो एका थरात राहू द्या. झाकण नाही. दोन मिनिटांनी एकदा उलथनं, त्याहून जास्त नाही, सारखं ढवळल्याने काप फुटतात आणि तार बाहेर येते. अर्ध्यावर २-३ आमसुलं किंवा अर्ध्या लिंबाचा रस घातला की आंबटाने ती तुटते. मीठ शेवटच्या दोन मिनिटांत.

रवा 'परतणं' म्हणजे खरं तर भाजणंच आहे. इथे हात थांबवायचा नाही, बारीक दाणा तळाशी पटकन लागतो. उपम्यासाठी वाटीभर रव्याला चमचा-दोन चमचे तेल किंवा तूप घेऊन मंद आचेवर ७-८ मिनिटं. रंग फारसा बदलत नाही, पण सुरुवातीला जड लागणारा रवा हलका होऊन कोरड्या वाळूसारखा सरसर घसरायला लागतो. ती खूण. कच्चा राहिला तर उपमा गिच्च होतो. शिऱ्याचा रवा मात्र तुपात बदामी होईपर्यंत न्यायचा.

प्रश्न : इथल्या मुलांसाठी आईच्या पाककृती लिहून काढते आहे. 'परता' ला 'सॉते करा' लिहिलं तर चालेल का? (न्यू जर्सी)

भाज्यांच्या सॅलडला चालेल, वाटणाला अजिबात नाही. सॉते हा फ्रेंच शब्द, मुळात 'उडी मारलेलं' असा. मोठ्या आचेवर पॅन हिसडून भाजी उडवायची आणि दोन-तीन मिनिटांत करकरीत असतानाच उतरवायची. आपलं परतणं मध्यम आचेवर, पदार्थ पुरता शिजेपर्यंत चालतं. 'सॉते' वाचून मूल तीन मिनिटांत टोमॅटो ओतेल आणि रस्सा कच्चट होईल. त्यापेक्षा 'मध्यम आच, झाकण नको, १२ मिनिटं, कडेने तेल दिसेपर्यंत' असं लिहा.

आणखी एक. तिथे सपाट बुडाचे पॅन असतात. कढईत तेल मध्ये गोळा होतं आणि मोहरी त्यात बुडून फुटते. सपाट पॅनमध्ये तेवढंच तेल पसरून पातळ थर होतो, मोहरी अर्धवट तडतडते आणि बाकीची जळते. फोडणीपुरता पॅन एका बाजूला कलता धरा. इंडक्शनवर पॅन उचलला की ती बंद पडते, तिथे छोट्या कढल्यात फोडणी करून ओतलेली बरी.

प्रश्न : ढोबळी मिरचीची 'पीठ पेरून' भाजी माझी एक तर लाडवासारखी गोळा होते किंवा पिठूळ कोरडी राहते. पीठ किती घालायचं? (सोलापूर)

प्रमाणाआधी शब्द पाहा. पेरणे. पेरताना शेतकरी पोतं उपडं करत नाही, बोटांतून थोडं थोडं सोडत जातो. बेसनही तसंच, चिमटीतून, कढईभर हात फिरवत, तीन-चार वेळा मिळून घालायचं. एका जागी पडलं की गोळा झालाच.

पाव किलो ढोबळी मिरचीला (बिया काढून, बोटाच्या पेराएवढे चौकोन) ४ टेबलस्पून बेसन आणि ३ टेबलस्पून तेल. तेल पाहून दचकू नका, पुढे कारण सांगितलं आहे. मोहरी, हिंग, हळदीची फोडणी करून मिरची टाका, मीठ आणि चिमूटभर साखर घाला, झाकण ठेवून ४-५ मिनिटं. मिरचीचा रंग उतरला, पण टोचल्यावर ती अजून थोडी टणक आहे आणि तळाशी जरा ओल दिसते आहे, ही पेरणीची वेळ. लाल तिखट घाला, आच मंद करा, एक तृतीयांश पीठ पेरा आणि अर्धं मिनिट तसंच राहू द्या, म्हणजे ते ओल शोषून घेतं. मग तळापासून वर परता. पुन्हा पेरा. सगळं पीठ पडलं की हाताने पाण्याचा एक हबका मारा, झाकण ठेवा, तीन मिनिटांनी उघडून तळ खरवडा. असं दोनदा. शेवटी झाकण काढून दोन-तीन मिनिटं परतली की पिठाचे मोकळे, तेलात खरपूस झालेले कण मिरचीला चिकटलेले दिसतात.

लाडू होतो तो ओल जास्त झाल्याने : भाजी फार शिजल्यावर पीठ घातलं, किंवा हबक्याऐवजी अर्धी वाटी पाणी गेलं. पिठूळ होते ती तेल कमी पडल्याने. बेसन शिजायला ओल लागते आणि मोकळं व्हायला तेल. तेल कमीच वापरायचं असेल तर बेसन आधी कोरडंच ५-६ मिनिटं मंद आचेवर, कच्चा वास जाईपर्यंत भाजून घ्या. मग २ टेबलस्पून तेलात भागतं.

मेथी, कांद्याची पात, मुळ्याचा पाला यांचं स्वतःचं पाणी भरपूर सुटतं, तिथे हबका मारू नये. आणि 'पीठ पेरून' बरोबर 'पीठ लावून' ची गल्लत करू नका. 'लावणं' हे पातळ भाजीचं : पालकाची किंवा अळूची पातळ भाजी असेल तर चमचा-दोन चमचे बेसन ताकात किंवा पाण्यात कालवून लावतात, म्हणजे पाणी एकीकडे आणि पाला एकीकडे होत नाही. एका शब्दात पीठ कोरडं आणि दुसऱ्यात कालवलेलं.

प्रश्न : आजीच्या वहीत पिठल्याखाली 'आधणात पीठ वैरावे' असं आहे. वैरणे म्हणजे ढवळणे का? (सातारा)

ढवळणं वेगळं, पण दोन्ही एकाच वेळी करायचं असतं. आधण म्हणजे उकळायला ठेवलेलं पाणी. वैरणं म्हणजे मुठीमुठीने सोडणं. जात्याच्या तोंडात एका हाताने दाणे वैरत दुसऱ्या हाताने जातं फिरवायचं, तसंच इथे डावा हात पिठाचा आणि उजवा रवीचा किंवा पळीचा. आधणात तांदूळही वैरतात.

वाटीभर बेसनाला ३ वाट्या पाणी. फोडणी करून (लसूण, मिरची, मोहरी, हिंग, हळद) पाणी घाला, मीठ घाला, खळखळ उकळू द्या. मग पीठ वैरा. उकळत्या पाण्यात पिठाची ढेकळी पडली की तिचा बाहेरचा थर तत्क्षणी शिजून कवच धरतो आणि आत कोरडं पीठ अडकतं, तीच गुठळी. म्हणून धार बारीक आणि हात सतत फिरता. गुठळ्या झाल्याच तर पळीच्या पाठीने कढईच्या कडेवर दाबून फोडा. पुढे झाकण ठेवून मंद आचेवर ७-८ मिनिटं, मधूनमधून हलवत. पिठलं ज्वालामुखीसारखं फटफट उडायला लागलं आणि त्यावर तकाकी आली की शिजलं.

नवशिक्याने पीठ गार पाण्यात कालवून ओतावं, गुठळीचा प्रश्नच येत नाही. पण कालवलेलं पिठलं गुळगुळीत होतं आणि वैरलेलं जरा रवाळ, भरड. भाकरीबरोबर आमचं मत वैरलेल्याला. काही घरांत तर मुद्दाम गाठी ठेवतात आणि त्याला गाठीचं पिठलंच म्हणतात, म्हणजे चुकलं तरी नाव तयार आहे. झुणक्याला पाणी वाटीस वाटी किंवा त्याहून कमी आणि तेल मात्र जवळजवळ दुप्पट.

प्रश्न : 'एक वाफ आणा', 'दणदणीत वाफ काढा', 'झाकणावर पाणी ठेवा' यांत फरक काय? मिनिटांत सांगता येईल का? (ठाणे)

झाकण ठेवल्यापासून त्याच्या कडेने वाफ जोरात निसटू लागेपर्यंत एक वाफ. चौघांच्या भाजीला मध्यम आचेवर साधारण ३-४ मिनिटं. मग झाकण काढून परतायचं, पुन्हा ठेवायचं, ती दुसरी. कांदेपोह्यांना एक वाफ पुरते, तीही मंद आचेवर दोन-तीन मिनिटं. कोबीला दोन, गवार-फरसबीला तीन-चार. 'दणदणीत' म्हणजे झाकण हात लावण्यापलीकडे तापून भांड्यात वाफ कोंडेपर्यंत थांबायचं, मध्ये डोकवायचं नाही. दर मिनिटाला झाकण उचलून पाहणाऱ्याची भाजी शिजतच नाही.

झाकणावर पाणी ठेवण्याचे दोन उपयोग. झाकण तुलनेने थंड राहतं, वाफ त्याला लागून थेंब होऊन खाली पडते, म्हणून भाजी स्वतःच्याच पाण्यात शिजते आणि तळाला धरत नाही. दुसरं, वरचं पाणी गरम होत असतं. भाजीला पाणी लागलंच तर तेच घालायचं. गार पाणी ओतलं की भांडं निवतं, शिजणं थांबतं आणि गवार दडदडीत राहते. यासाठी कडा उंच असलेली स्टीलची किंवा पितळेची ताटली हवी. वाफेला भोक असलेलं काचेचं घुमटाकार झाकण या कामाचं नाही. एक पथ्य : आमसूल, चिंच, टोमॅटो भाजी मऊ झाल्यावरच घाला. आंबट आधी पडलं तर भाजीच्या पेशी घट्ट धरून राहतात आणि मग कितीही वाफा द्या.

प्रश्न : दडपे पोहे नुसते कालवलेले तर असतात. 'दडपे' का? (इंदूर)

कारण दडपल्याशिवाय ते होत नाहीत. विस्तवाचा संबंध फक्त फोडणीशी. पातळ पोहे ३ वाट्या, ओलं खोबरं वाटीभर, बारीक चिरलेला एक मोठा कांदा, मीठ, साखर, लिंबू, मिरची हे सगळं हाताने चांगलं चुरून कालवायचं, हवं तर शहाळ्याच्या किंवा नारळाच्या पाण्याचे दोन-तीन हबके. मग ताटलीने दाबून, वर वरवंटा किंवा पाण्याचा तांब्या ठेवून १५ ते २० मिनिटं दडपून ठेवायचे. मीठ कांद्या-खोबऱ्याचा ओलावा बाहेर काढतं आणि दाबाखाली तो पोह्यांत समान मुरतो. न दडपता खाल्ले तर काही पोहे चामट आणि काही लगदा. पोहे जाड घेतले तर एवढ्या ओलाव्यात ते भिजत नाहीत, म्हणून भिजवावे लागतात आणि मग ते दडपे राहत नाहीत. फोडणी गार करून घाला, भाजलेला पापड अगदी वाढताना चुरा.

प्रश्न : 'अंगासरशी रस', 'लपथपीत', 'पळीवाढी', 'सरसरीत' यांचा क्रम लावून द्या. (पुणे)

घट्टाकडून पातळाकडे : अंगासरशी (अंगाबरोबरही म्हणतात), लपथपीत, पळीवाढं. सरसरीत हा शब्द भाजीपेक्षा पिठाला लावतात, घावनाचं पीठ सरसरीत हवं, म्हणजे पळीतून धार न तुटता पडावी आणि तव्यावर आपोआप पसरावी.

अंगासरशी म्हणजे फोडीच्या अंगाला लागून राहील एवढाच रस. पारख अशी : उलथन्याने कढईच्या तळावर एक रेघ ओढा. वाट दोन-तीन सेकंद कोरडी राहून मग हळूच मिटली तर अंगासरशी. ओढताक्षणी रस धावून आला तर लपथपीत. वाटच दिसली नाही आणि पळीने वाढावं लागलं तर पळीवाढं. अर्धा किलो बटाट्याला रस्शासाठी २ ते अडीच वाट्या पाणी धरा, लपथपीतला सव्वा, अंगासरशीला अर्धी-पाऊण वाटी.

पण गॅस बंद करताना एक पायरी पातळच ठेवा. दाण्याचं कूट, खोबरं आणि बटाट्याचा स्टार्च गार होताना पाणी ओढून घेतात, कढईत अंगासरशी दिसलेली भाजी ताटात कोरडी होते. भरल्या वांग्यांत हे नेहमी घडतं. लहान वांगी अर्धा किलो, सारणात अर्धी वाटी दाण्याचं कूट असेल तर वाटीभर गरम पाणी घाला आणि झाकून १५ मिनिटं शिजवा. सारण बाहेर येत असेल तर उलथनं वापरूच नका, कढई दोन्ही कानांनी धरून हलका हिसडा द्या. वांग्याला चिरा देठापर्यंत न जाता बोटभर आधी थांबल्या पाहिजेत, आणि सारण ठासून भरू नये, उरलेलं रसात सोडावं.

भाताचीही अशीच उतरंड आहे. फडफडीत किंवा मोकळा भात वाटीस दोन वाट्या पाण्यात, मऊ भात तीनमध्ये, गुरगुट्या चार-पाचमध्ये, पेज आठच्या पुढे. नवा तांदूळ असेल तर पाणी थोडं कमी.

प्रश्न : खमंग आणि खरपूस एकच ना? (लातूर)

खरपूस डोळ्याला आणि दाताला कळतं, खमंग नाकाला. थालीपीठ खरपूस भाजलं की खमंग वास येतो. फोडणी खमंग असते, खरपूस नसते. भाकरी खरपूस असू शकते. दोन्ही करपण्याच्या अलीकडची नावं आहेत, म्हणून आच मंद आणि वेळ जास्त, असंच दोन्हीकडे.

भाजणे आणि शेकणे यांतही लोक गोंधळतात. शेकणं वरवरचं : निवलेली भाकरी शेकून घ्यायची, दमट पापड शेकायचा. भाजणं आतपर्यंत. थालिपिठाच्या पिठाला भाजणी म्हणतात ते याचमुळे, धान्य दळण्याआधी आतपर्यंत भाजलेलं असतं. ते एकत्र भाजायचं नाही. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, प्रत्येकाचा दाणा वेगळा, ओल वेगळी. एकत्र टाकले तर बाजरी करपेपर्यंत डाळ कच्चीच राहते. धने शेवटी, नुसते गरम होईपर्यंत. दाणा पूर्ण गार झाल्यावरच दळायला द्या, गरम दळलं तर वाफ धरून पीठ लवकर खवट होतं. चकलीच्या भाजणीला तांदूळ ४, हरभरा डाळ २, उडीद डाळ १ हे माप बहुतेक घरांत चालतं. तिथे रंग येईपर्यंत भाजू नये, चकली तळताना आधीच लाल होते आणि आत मऊ राहते.

प्रश्न : सासरी 'आज कोरड्यास काय?' विचारतात आणि ताटात आमटी असते. कोकणातल्या मैत्रिणीकडे 'सुकं' म्हटलं की कधी मटण येतं, कधी बोंबील. कोरडं आणि सुकं यांचा अर्थ तरी काय धरायचा? (कोल्हापूर)

कोरड्यास मधली कोरडी आहे ती भाकरी. त्या कोरड्याला लावून खायला जे काही असेल ते कोरड्यास, मग ते झुणका असो की पातळ आमटी. पदार्थ कोणत्या पद्धतीने केला हे हा शब्द सांगतच नाही, तो पदार्थाचं ताटातलं काम सांगतो. कालवण हा त्याचा शेजारी : जे भातात किंवा भाकरी कुस्करून त्यात कालवायचं ते, म्हणजे पातळच.

'सुकं' मात्र दोन अर्थांचं आहे. मटण, कोंबडी, तिसऱ्या यांना लावलं की ती करण्याची पद्धत : ओल्या खोबऱ्याचं किंवा भाजलेलं वाटण, जेमतेम अंगाला लागेल एवढं. बोंबील, जवळा, बांगडे यांना लावलं की बहुधा उन्हात वाळवलेली मासळी. ओल्या बोंबलांचं सुकं करता येतं आणि सुक्या बोंबलांचा रस्साही, हे लक्षात ठेवलं की गोंधळ उरत नाही. तिसऱ्यांच्या सुक्याला पाणी अजिबात घालू नका. शिंपले उघडताना त्यांचं खारट पाणी सुटतं, तेवढ्यातच त्या ७-८ मिनिटांत शिजतात. मीठही म्हणून शेवटी, चव घेऊन. सुके बोंबील असतील तर डोकं-शेपूट काढून, तुकडे करून कोरड्या तव्यावर दोन मिनिटं भाजा, मग कोमट पाण्यात १० मिनिटं भिजवून दोनदा धुवा. आधी भाजल्याने उग्र वास कमी होतो आणि शिजवताना तुकडे मोडत नाहीत.